परळच्या फुटपाथवर आपल्या गावचा घास

गावात कुणाला कर्करोग निघाला की अनेकदा एकच सल्ला मिळतो, परळच्या टाटाला न्या. मग धावाधाव सुरू होते. कुणी दावणीची म्हैस विकतो, कुणी सोसायटीचं कर्ज काढतो. औषधांचा, तपासण्यांचा, गाडीभाड्याचा हिशेब होतो. पण एक हिशेब कोणीच मांडत नाही, तो दोन वेळच्या जेवणाचा. परळला गेलेला आपला माणूस बऱ्याचदा या न मांडलेल्या हिशेबातच अडकतो.

तो हिशेब आज मांडून बघू. किरणोपचार रोज काही मिनिटांचेच असतात, पण बऱ्याच रुग्णांना ते आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे घ्यावे लागतात. खाटेवर दाखल असलेल्या रुग्णाला दवाखान्याचं जेवण मिळतं. रोज बाहेरून येणाऱ्याला ते नाही आणि त्याच्या सोबत्याला तर नाहीच. दोन माणसं, दोन वेळा, चाळीस दिवस म्हणजे 160 ताटं झाली. ताट 80 रुपयांचं धरलं तर 12,800 रुपये, चहा-नाश्ता वेगळा. तिकडं सोबत्याची मजुरी बुडते, इकडं शेताला पाणी द्यायला माणूस नसतो. मग आधी सोबती एक वेळ उपाशी राहतो, पुढं रुग्णही पोटाला चिमटा घेतो. शेवटी "आता बरं वाटतंय" म्हणत दोघं उपचार अर्धवट टाकून गावची गाडी धरतात. रोग मात्र तसाच राहतो.

रेशन आहे, पण चूल कुठाय?

तुम्ही म्हणाल, सरकार धान्य देतं की. देतंच. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं. शिवाय आता कार्ड गावचं असलं तरी मुंबईतल्या शिधावाटप दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. थोडं तिथं घेतलं आणि उरलेलं घरच्यांनी गावात घेतलं तरी चालतं.

पण फुटपाथवर किंवा भाड्याच्या खाटेवर राहणारा माणूस तांदूळ शिजवणार कशावर? धान्य हातात आलं म्हणजे जेवण झालं असं नाही. चूल, भांडं, पाणी आणि रांधणारी बाई, हे सगळं गावातच राहिलेलं असतं. म्हणून परळला शिजवलेल्या अन्नाची गरज आहे आणि तिथं माणुसकीची स्वयंपाकघरं उभी राहिली. टाटाच्या परिसरात जीवन ज्योत ट्रस्टच्या हरखचंद सावला यांनी 1980 च्या दशकात रुग्ण व नातेवाइकांना जेवण देण्याचं काम सुरू केलं. दादरला हिंदू कॉलनीत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. भुकेल्याला अन्न ही बाबांची शिकवण तिथं भिंतीवर टांगलेली नाही, रोज पाळली जाते.

ही रीत आपलीच

परळ-लालबागला हे नवीन नाही. गिरण्यांच्या काळात कोकणातल्या नि घाटावरच्या गावांच्या गावकीच्या खोल्या तिथल्या चाळींत होत्या. माणसं पाळीनं झोपायची आणि खानावळीत जेवायची. खानावळवाली बाई महिनाभर उधारीवर वाढायची, पगार झाला की पैसे घ्यायची. संप झाला की तिची उधारी बुडायची आणि ती सावकाराच्या दारात जायची. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तेव्हा गावांकडून धान्य आलं. हजारो कामगार बायकापोरांसह गावी परतले आणि भावकीच्या कणगीवर जगले. त्या वेळी गावच मुंबईची अन्नपेढी झालं होतं.

'फूड बँक' हे नाव मात्र बाहेरचं. जगातली पहिली अशी पेढी 1967 साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात निघाली. वाया जाणारं अन्न गोळा करायचं आणि भुकेल्याला द्यायचं, एवढाच तिचा धंदा. मुंबईत 2015 साली डबेवाल्यांनी, म्हणजे मावळ-खेडकडच्या आपल्याच माणसांनी, लग्नकार्यातलं उरलेलं अन्न गरिबांपर्यंत नेण्यासाठी रोटी बँक सुरू केली. 2019 साली उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राचे नियमही आले.

मात्र इथं एक भेद ध्यानात घ्या. लग्नातलं उरलेलं जेवण रात्री अकराला मिळालं तर धडधाकट भुकेल्याला ते अमृत. पण केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती घटलेली असते, त्याला शिळं अन्न बाधू शकतं. तंबाखू-मिश्रीपायी तोंडाचा कर्करोग झालेल्याला तर भाकरी चावतही नाही. त्याला पेज, मऊ भात, दूध लागतं. म्हणून परळला ताजं रांधणारं स्वयंपाकघरच हवं आणि त्याला रोज शिधा लागतो.

अनुदानावर सगळं सोडून चालत नाही. 1995 नंतर एक रुपयात झुणका-भाकर मिळाली, सरकार बदललं आणि ती योजना गुंडाळली गेली. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, टाळेबंदीत तिनं अनेकांना तारलं. पण अशा योजनेची थाळी तिजोरीकडं बघूनच वाढली जाते. उलट दानाच्या स्वयंपाकघरालाही मर्यादा आहेत. ते आजची भूक भागवतं, बुडालेली मजुरी भरून देत नाही. म्हणून रेशनचा हक्कही हवा आणि दानाचं ताटही हवं.

गावानं काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी एवढं तरी बघावं. रुग्ण निघण्याआधी कार्डावरच्या सगळ्यांचं आधार जोडलेलं आहे ना, ई-केवायसी झाली आहे ना, हे तपासून द्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याला खेपा घालायला लावू नका, कारण सवलतीचे उपचार असोत की धर्मशाळेतली जागा, कागद विचारला जातोच. रेशन दुकानदारानंही "मुंबईत धान्य मिळत नाही" असं सांगून त्याला परत पाठवू नये.

शेतकरी बंधूंनो, सुगीत देवाच्या नावानं पायली-दोन पायली आपण बाजूला काढतोच. त्यातलंच एक पोतं परळच्या एखाद्या स्वयंपाकघराला जाऊ द्या. पण आधी विचारून घ्या. शेकडो माणसांच्या पंगतीला ज्वारीच्या भाकरी थापणं सोपं नसतं, त्यांना बहुधा तांदूळ, डाळ, तेल लागतं. आपल्याकडं ज्वारी पिकत असेल तर ती बाजारात विकून पैसे पाठवा. पाठवणी एकट्यादुकट्यानं न करता गावानं मिळून करा, पावती घ्या आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि गावातलं माणूस उपचाराला गेलं असेल तेव्हा त्याच्या रानाला पाणी कोण देणार, हे त्याच सभेत ठरवा. मागची काळजी मिटली, तर तो उपचार पुरा करूनच परतेल.