लाडवाची कुंडली

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपल्या घराघरांतून एक परीक्षा चाललेली असते. आई बेसन भाजत असते, घरभर खमंग वास सुटलेला असतो, डबा उंच फळीवर चढलेला असतो. आणि खाली उभ्या असलेल्या चार वर्षांच्या उमेदवाराला बजावलेले असते की, देवाला नैवेद्य दाखविल्याखेरीज एकालाही हात लावायचा नाही. कुणी थांबते, कुणी स्टुलावर चढते. मी स्टुलावर चढणाऱ्यांपैकी होतो. माझा थोरला भाऊ शहाण्यासारखा थांबे; तो पुढे माझ्याहून फार मोठा झाला असे काही नाही. पण एका भावावरून सिद्धान्त मांडणे हेही चूकच. तेव्हा तो मुद्दा मी मागे घेतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र ही घरगुती गंमत माझ्यापुढे निराळ्याच रूपाने उभी राहिली. शाळा सुटल्यावर एक बाई फाटकापाशी थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, पहिलीत. कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ धाडला होता: मुलापुढे मिठाई ठेवा, पंधरा मिनिटे बाहेर जा; थांबला तर जन्मभर यशस्वी, खाल्ली तर जन्म फुकट. बाईंनी पेढा ठेवून पाहिला. "गुरुजी, दोन मिनिटंसुद्धा नाही हो टिकला. आता ह्याचं पुढं काही व्हायचं नाही का?" हे विचारताना त्यांचा आवाज कापत होता.

त्याच महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरात एका व्याख्यात्याने हीच कथा पडद्यावर चित्रे दाखवून सांगितली आणि आम्ही शिक्षकांनी ती निमूटपणे वहीत उतरवून घेतली. मीही. त्यामुळे हा लेख रागाने लिहीत असलो, तरी त्यातला थोडा राग स्वतःवरचा आहे. मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला माणूस. मानसशास्त्रज्ञांशी वाद घालण्याचा माझा अधिकार कोणता, असे कुणी विचारील. पण इथे फिर्याद मानसशास्त्रज्ञांवर नाहीच, फार तर दुय्यम आरोपी म्हणून त्यांचे नाव येईल.

मूळ गोष्ट अशी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर प्रयोग केले. मार्शमेलो नावाची मऊ मिठाई, बिस्किटे असले काही पुढे ठेवायचे आणि सांगायचे: हवे तर एक आत्ता खा, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. मिशेलला भविष्य सांगायचे नव्हते. मुले थांबतात ती कोणत्या युक्तीने, मिठाई झाकली तर काय होते, मन दुसरीकडे वळविले तर काय होते, हे त्याला पाहायचे होते. आणि खाऊ नजरेआड केला की मूल जास्त वेळ थांबते हे त्याने नीट दाखवून दिले. आपल्या आयांनी डबा फळीवर ठेवण्याचे कारण हेच, आणि त्यासाठी त्यांना विद्यापीठात जावे लागले नाही.

भविष्य मागाहून आले. तीच मुले मोठी झाल्यावर मिशेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पालकांकडून त्यांचे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेचे गुण मागविले आणि १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. लहानपणी थांबण्याचा काळ आणि पुढचे गुण यांचा सहसंबंध गुणांक भाषेसाठी ०.४२ आणि गणितासाठी ०.५७ निघाला. हा आकडा ज्यांच्यावर उभा आहे ती मुले किती? ३५. बालशाळेत सहाशेंहून अधिक मुलांवर प्रयोग झाले होते. पण खाऊ डोळ्यांपुढे उघडा आणि युक्ती कोणीच सुचविलेली नाही, अशा एकाच परिस्थितीत हा संबंध स्पष्ट दिसला, आणि तीतली गुण हाती आलेली मुले एवढीच. शिवाय ती बहुतांशी विद्यापीठातल्याच लोकांची. संशोधकांनी स्वतःच बजावून ठेवले होते की, यावरून सर्वांबद्दल विधान करताना सावध राहा. तो इशारा व्हिडिओत नव्हता. शिबिरातल्या पडद्यावरही नव्हता.

हा गुणांक म्हणजे काय, ते एकदा समजून घेऊ. कारण त्याच्या दशांश चिन्हालाच लोक भितात. दोन गोष्टी जोडीने किती चढतात-उतरतात, याचे ते माप. पूर्ण मेळ असेल तर एक, मुळीच नसेल तर शून्य, एक चढली की दुसरी उतरते असे असेल तर उणे. ०.५७ चा वर्ग केला की ०.३२ च्या आसपास येतो. म्हणजे गणिताच्या गुणांतल्या फरकाचा जेमतेम तिसरा हिस्सा थांबण्याच्या फरकाशी जुळतो. उरलेले दोन हिस्से मोकळे. आणि जो जुळतो, तोही नुसता जुळतो. कोण कुणामुळे, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. २०१२ साली फ्रान्झ मेसेर्ली या डॉक्टराने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मिस्किलपणे दाखवून दिले की, २३ देशांतले चॉकलेटचे सेवन आणि त्या देशांना लोकसंख्येच्या मानाने मिळालेली नोबेल पारितोषिके यांचा सहसंबंध ०.७९ आहे! थांबण्याच्या गुणांकाहून हा कितीतरी मोठा. मग शिबिरात आम्हांला चॉकलेटच का वाटू नयेत?

आपल्याकडे हा विवेक नवा नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, हे खेड्यातली म्हातारीही जाणते. आणि आमचे नैयायिक तर त्याच्याही पुढे गेले होते. धूर दिसला की अग्नी असणारच, हे अनुमान त्यांना मान्य. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अमान्य. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर निघतो तो ओल्या लाकडामुळे. या लपलेल्या ओल्या लाकडाला त्यांनी 'उपाधी' म्हटले. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव घडा होण्याआधी हजर असते, म्हणून ते घड्याचे कारण ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितले. आज आपण त्या गाढवालाच घडा घडवायला बसविले आहे.

मिठाईच्या परीक्षेतले ओले लाकूड २०१८ साली सापडले. टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती तपासली. ही मुले नानाविध घरांतली होती. संबंध पूर्वीच्या निम्म्यावर आला. मग मुलाचे घर, आईबापांची स्थिती, मुलाची आधीचीच बौद्धिक तयारी यांचा हिशेब धरला, तेव्हा त्या निम्म्यातलेही दोन तृतीयांश गळून पडले. मुले वयाच्या २६ व्या वर्षी कशी आहेत, याचा हिशेब २०२४ साली छापून आला. त्यातही ही परीक्षा भरवशाने काही सांगू शकली नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र २०१३ चा एक लहानसा प्रयोग. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २८ मुलांना आधी चित्रे काढायला बसविले आणि "थांबा, याहून छान रंग आणून देते" असे वचन दिले. निम्म्या मुलांना रंग आणून दिले. निम्म्यांपुढे रिकाम्या हाताने येऊन "रंग नाहीतच" म्हणून माफी मागितली. मग मिठाईची परीक्षा. वचन पाळलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. मोडलेली, ३ मिनिटे. कोणते मूल कोणत्या गटात, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले होते. म्हणून इथे कारण हाताने हलवून पाहिले असे म्हणता येते. नुसत्या सहसंबंधाला हे साधत नाही.

तो प्रयोग वाचला आणि दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलावून सहज विचारले, "काय रे, पेढा लगेच का खाल्लास?" तो म्हणाला, "धाकटी आली असती ना झोपेतून उठून." दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहते, हा अनुभव त्याला कुणी दिला होता? त्याचा हिशेब माझ्यापेक्षा आणि त्या व्याख्यात्यापेक्षा चोख होता.

२०२२ साली जपानी आणि अमेरिकन मुलांची तुलना झाली. खाण्यासाठी जपानी मुले जास्त थांबली, कागदात गुंडाळलेल्या भेटीसाठी अमेरिकन मुले. जपानात सर्वांनी मिळून जेवायला सुरुवात करण्याची रीत, अमेरिकेत नाताळची भेट वेळेआधी न उघडण्याची. नैवेद्याच्या घरातले आपले मूल लाडवापाशी थांबले, तर त्यात त्याचा स्वभाव किती आणि आजीचा वचक किती, ते कोण वेगळे काढणार?

सहसंबंध टाकाऊच, असे मात्र मी म्हणणार नाही. आईवेगळे वाढल्याने काय होते, हे पाहण्यासाठी मुले आईपासून तोडता येत नाहीत. तिथे जे घडले ते मोजावे लागते. आणि उलटा अतिरेकही होऊन गेला आहे. १९५० साली डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांची सांगड दाखविली, तेव्हा थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, स्वतः पाइप ओढणारा, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे असे म्हणत अडून बसला. चुकला तो. पण तिथे जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका, सोडणाऱ्याला कमी, असा चारी बाजूंनी पुरावा गोळा झाला. पेढ्याच्या बाबतीत चारी बाजूंनी तो विरघळत गेला.

आणि हा नुसता विद्वानांचा खेळ असता तर मी दिवाळीत आपला वेळ घेतला नसता. सहसंबंधाची कल्पना १८८८ साली मांडणारा फ्रान्सिस गॉल्टन आणि तिला गणिताचे रूप देणारा कार्ल पिअर्सन हे दोघेही माणसांची वाण निवडण्याच्या ध्यासाने पछाडलेले होते. पिअर्सनने शाळाशिक्षकांकडून भावंडांविषयी तक्ते भरून घेतले: कोण चुणचुणीत, कोण मंद, कोण लाजाळू. गुणांक निघाला ०.५ च्या आसपास. उंची वगैरे शरीराच्या मापांतही भावंडांचा तेवढाच. त्यावरून १९०३ साली त्याने जाहीर केले की बुद्धी आणि शीलही शरीरासारखेच वारशाने येते. भावंडांना घर एक, ताट एक, मार एक, आणि पुष्कळदा शेरा लिहिणारा मास्तरही एक, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हते. तक्ते आमच्याच व्यवसायबंधूंनी भरले होते, हे मला टोचते.

कारण यंदा आमच्याकडेही एक तक्ता आला आहे. त्या शिबिराचीच ती प्रसादी. प्रत्येक मुलापुढे एक रकाना: 'संयम – उत्तम, मध्यम, कमी'. मी चाळीस मुलांचे चाळीस रकाने कोरे सोडले आणि खाली सही केली. मुख्याध्यापकांनी कागद परत पाठविला आहे. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्याच दिवशी मला बोलावणे येईल. कोराच कागद पुन्हा घेऊन जाणार आहे.