घरची फळे व आपली कोरडी हवा

बागेत फळ तयार होईपर्यंत आपण त्याची जेवढी काळजी वाहतो, तेवढी ते घरात आल्यावर वाहत नाही. निवडक माल बाजारास जातो. उरलेली डाळिंबे, लिंबे, पेरू व सीताफळे ओसरीवर एकाच टोपलीत पडतात आणि थोड्याच दिवसांत बरीचशी उकिरड्यावर जातात. महसूल खात्यात कारकुनी करीत असता शेतातील पिकांची नोंद गाव नमुना बारामध्ये होताना आम्ही पुष्कळ पाहिली. परंतु घरात कुजलेल्या फळांची नोंद घेणारा नमुना कोठेच नाही. म्हणूनच हे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही.

नांदगाव तालुका पर्जन्यछायेतला. येथील कोरडा वारा फळांतील पाणी शोषून घेतो. लिंबाची साल चिवट होते, डाळिंबाची कठीण व काळपट पडते, पेरू सुरकुततो. शिवाय तोडलेले फळही श्वास घेतच असते. उष्णता वाढली की तो वेगाने चालतो व फळातील गोडी खर्ची पडते. यास्तव फळांस थंडावा व ओलावा दोन्ही पाहिजेत. फ्रीजमध्ये जागा थोडी, विजेचा भरवसा कमी. आणि कच्चे केळे, आंबा किंवा सीताफळ त्यात ठेविल्यास साल काळवंडते व फळ पुढे नीट पिकत नाही.

आमचे मत असे की, ज्या वाऱ्यास आपण दोष देतो त्यासच कामास लावावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात विटा व वाळूचा शीतकक्ष सिद्ध केला. त्यास वीज लागत नाही. सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी विटांचा एक थर पसरावा. त्यावर सुमारे 70 सेंटिमीटर उंचीच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर अंतर ठेवून, रचाव्यात व त्या पोकळीत नदीची वाळू भरावी. वर बांबू व गवताचे झाकण घालावे. आरंभी सर्व चिंब भिजवून पुढे सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने आतील हवा गार होते. भर उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा उष्णतामान 10 ते 15 अंश सेल्सियसने उतरते. कोकणच्या दमट हवेत एवढा लाभ होणे नाही. तो आपल्या कोरड्या मुलखाचा हक्काचा आहे.

मात्र कक्ष बांधला म्हणजे काम संपले असे नव्हे. फुटलेले व डागी फळ आधी वेगळे काढावे. फळे न धुता, कोरडी, जाळीच्या क्रेटमध्ये ठेवावीत. डाळिंब, द्राक्षे व लिंबू तोडल्यावर अधिक पिकत नाहीत. त्यांस पिकलेल्या केळ्या-पेरूंच्या शेजारी ठेवू नये, कारण पिकत्या फळातून निघणारा वायू शेजारची फळे लवकर उतरवितो.

येथे कोणी विचारील, जेथे प्यावयास टँकर, तेथे विटांवर पाणी कोठून शिंपावे? प्रश्न रास्त आहे. ते पाणी बहुधा घरातील स्त्रियांच्याच डोक्यावरून येते, हेही विसरता कामा नये. तेव्हा टंचाईच्या दिवसांत कक्ष कोरडा ठेवावा; आखाजीच्या आंब्यांस गवताची अढी पुरे. परंतु सीताफळ, पेरू व मृग बहाराचे डाळिंब पावसाळ्यानंतर येतात, त्या वेळी बहुतेक विहिरींस पाणी असते. थंडीत आतील गारवा फारसा वाढत नसला, तरी ओलाव्याचा लाभ मिळतोच.

यात प्रश्न केवळ जिभेच्या चवीचा नाही. ज्याचे फळ घरी आठ दिवस टिकते, त्यास व्यापाऱ्याने संध्याकाळी सांगितलेला भाव मुकाट्याने घ्यावा लागत नाही. दर गावी निदान एका बागाईतदाराने येत्या हंगामापूर्वी असा कक्ष बांधून शेजाऱ्यांस दाखवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.