पहिले चोवीस तास

यकृताच्या कर्करोगाचा विषय निघाला की बोलणे दारूवर येऊन थांबते. दारू दोषी आहेच. पण जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाच्या यकृतातही गाठ निघते. मग घरचे चक्रावतात, शेजारीपाजारी संशयाने पाहू लागतात, आणि आजारासोबत बदनामीही रुग्णाच्या वाट्याला येते. ही बदनामी अन्यायाची आहे. यकृतातल्या पेशीत काय घडते हे पाहिले, तर दोष कुठे शोधायचा ते कळते.

आपल्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा एकच संच असतो. यकृताची पेशी यकृताचीच राहते, ती त्या संचातली काही जनुके चालू आणि बाकीची बंद असल्यामुळे. टर्ट हे बंद ठेवलेल्यांपैकी एक. रंगसूत्रांची टोके दर विभाजनाला थोडी झिजतात. ती झीज भरून काढणारे टेलोमरेझ हे विकर टर्टवाचून बनत नाही. गर्भात त्याची गरज असते. प्रौढ यकृतपेशीत ते जवळजवळ गप्प असते, आणि त्यामुळेच पेशीच्या विभाजनांना मर्यादा पडते. यकृताच्या कर्करोगाच्या साधारण ६० टक्के गाठींत या जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात एका अक्षराचा बदल सापडतो: सीच्या जागी टी. खुद्द जनुकाचा मजकूर शाबूत असतो, विकरही निर्दोष बनते. ते बनायला नको तिथे बनू लागते, एवढेच. त्या एका अक्षरामुळे जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना बसायला नवी जागा मिळते, आणि मर्यादा संपते. सिरोसिस झालेल्या यकृतात कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर असलेल्या काही गाठींतही हा बदल आढळला आहे. म्हणजे बिघाड शेवटी होत नाही, आरंभीच होतो.

ब प्रकारच्या काविळीचा विषाणूही याच ठिकाणी येऊन पोहोचतो. तो स्वतःच्या डीएनएचे तुकडे आपल्या रंगसूत्रांत घुसवतो, आणि गाठींमध्ये हे तुकडे जिथे पुन्हा पुन्हा सापडतात त्यातली सर्वांत ठळक जागा टर्टच्या शेजारची आहे. त्याशिवाय त्याचा गोलाकार डीएनए पेशीच्या केंद्रकात एखाद्या छोट्या रंगसूत्रासारखा मुक्काम ठोकतो. अशा परक्या डीएनएला गप्प करण्यासाठी पेशीकडे एसएमसी ५/६ नावाचा प्रथिनसमूह असतो. विषाणूचे एक्स प्रथिन त्या समूहाचाच नाश घडवून आणते, आणि पेशीचा पहारा उठला की विषाणूची जनुके मोकळी होतात. टेनोफोविर, एन्टेकाविर ही औषधे विषाणूची वाढ दाबतात, कर्करोगाचा धोकाही कमी करतात. ती डॉक्टरांना न विचारता कोणी सोडू नयेत. मात्र केंद्रकातला तो मुक्काम ती क्वचितच उठवतात.

ही यंत्रणा उलगडली ते चांगलेच झाले. यकृताच्या कर्करोगासाठी रक्तातल्या ज्या अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी आज केली जाते, तेही गर्भातल्या यकृताचे, जन्मानंतर बंद पडणारे आणि कर्करोगात पुन्हा जागे होणारे प्रथिन आहे. पण माझ्या मते या संशोधनाने आपल्याला दिलेला सर्वांत मोठा धडा औषधाचा नाही, वेळेचा आहे. प्रौढाला ब प्रकारच्या काविळीच्या विषाणूचा संसर्ग झाला तर शंभरांत पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. तान्ह्या बाळाला झाला तर शंभरांपैकी सुमारे नव्वदांत राहतो. बाळंतपणात आईकडून बाळाकडे आलेला विषाणू पुढची तीस-चाळीस वर्षे त्याच्या जनुकांच्या शेजारी राहतो, आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. डोळे पिवळे होतीलच असे नाही. आपल्याकडे कावीळ 'उतरवून' घेण्याची चाल अजून आहे. या विषाणूच्या संसर्गात तर बहुतेकांना उतरवण्यासारखे काही दिसतही नाही.

तैवानने १९८४ मध्ये विषाणूवाहक मातांच्या बाळांना या विषाणूविरुद्धची लस द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी सर्वच नवजात बालकांना. दशकभरातच तिथल्या मुलांमधले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्यावर आले. कर्करोग लसीने टळतो याचा हा पहिला मोठा पुरावा. आपल्याकडे ही लस २००२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूसह जगत होते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातले डोस आपण बऱ्यापैकी सांभाळतो; निसटतो तो जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायचा पहिला डोस. प्रसूती घरी झाली, रात्री झाली, सुट्टीच्या दिवशी झाली, की 'पुढच्या वेळी देऊ' म्हटले जाते. आईकडून आलेला विषाणू मात्र पुढच्या वेळेची वाट पाहत नाही. जनुकांच्या महागड्या चाचण्यांची चर्चा जरूर व्हावी, पण त्याआधी प्रत्येक प्रसूतिगृहात, अगदी दहा खाटांच्याही, या डोसची वेळ घड्याळ पाहून नोंदवली गेली पाहिजे, आणि न नोंदवणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे.

घरात बाळंतपण जवळ आले असेल तर आईची ब प्रकारच्या काविळीची तपासणी झाली आहे ना, हे आजच विचारा. ती विषाणूवाहक निघाली तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही लागते, त्याची सोय आधीच करून ठेवा. आणि बाळ घरी आणण्यापूर्वी लसीकरणाच्या कार्डावर पहिल्या डोसची नोंद स्वतः वाचून घ्या.