जुगाराचे गणित आणि आमची मुरडलेली नाके

पदवीच्या विद्यार्थ्यांनी पोकरच्या गणितावर प्रकल्प केला, असे प्राध्यापक-कक्षात कोणी सांगितले की आम्हां भाषावाल्यांची नाके मुरडलीच म्हणून समजा. "आता जुगारावरही संशोधन!" हा उद्गार आम्ही स्वतःही काढलेला आहे. तो शुद्ध अज्ञानातून आलेला होता.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या ग्रंथात पोकरमधल्या हुलकावणीचे सविस्तर विवेचन आहे. जॉन नॅश यांच्या १९५० सालच्या छोटेखानी प्रबंधातही तिघांच्या पोकरचे उदाहरण आहे. त्याच वर्षी हॅरोल्ड कून यांनी हा खेळ दोन खेळाडू आणि तीन पत्ते (गुलाम, राणी, राजा) इतका लहान केला. पदवीचा विद्यार्थी तो वहीच्या दोन पानांत सोडवू शकतो, आणि उत्तर चक्रावणारे आहे. पहिल्याने पैज लावली नाही आणि दुसऱ्याच्या हाती गुलाम असला, तर त्याने तीनदा हुकमी हरणाऱ्या त्या पानावर सरासरी एकदा पैज लावावी. कधीच लावली नाही, तर त्याची पैज म्हणजे राजाच, हे राणीवाल्याला कळते; नेहमी लावली, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणजे खोटेपणा ही येथे स्वभावातली खोट नसून मोजून घ्यायची मात्रा आहे. निवेदकाच्या विश्वासार्हतेवर वर्षानुवर्षे व्याख्याने झोडणाऱ्या आम्हांला हे परके का वाटावे?

आणि परंपरेचे म्हणाल, तर नलोपाख्यानात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजतो आणि नळाला अक्षहृदय देतो. ते मिळताच कली नळाच्या देहातून बाहेर पडतो. द्यूत आणि गणना यांचा संबंध आपल्याकडे इतका जुना आहे. शिकवताना मात्र आम्ही दमयंतीच्या विरहावर रेंगाळतो.

बरे, आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही काय देतो? 'अमुक कवीच्या कवितेतील निसर्गचित्रण'. दरवर्षी कवी बदलतो, निष्कर्ष तेच. ज्या प्रश्नाचे उत्तर चुकूच शकत नाही, त्याला संशोधन कसे म्हणावे? कूनच्या कोड्यात विद्यार्थी चुकतो, आणि चूक कोठे झाली तेही त्याला सापडते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला जागा दिली. त्या जागेत आम्ही जुनीच यादी नेऊन ठेवली.

यंदा आम्ही त्या यादीत 'द्यूतप्रसंगांतील गणना आणि कपट' हा विषय सुचवला होता. 'मराठीशी संबंध नाही' असा शेरा मारून तो खोडण्यात आला. निसर्गचित्रण कायम आहे.