अभ्यासदौऱ्यास कोणी जावे, काय पाहावे?

शेतकऱ्यांच्या मुलांना सरकारी खर्चाने परदेशांतील शेतकी शाळा पाहावयास पाठवावे, अशी मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली होती. आज कृषिविद्यार्थी परदेशी अभ्यासदौऱ्यांवर जातात, हे स्वागतार्हच. परंतु ज्याच्या घरच्यांना विमानभाडे परवडेल तोच जाणार असेल, तर त्या मागणीतला मुख्य आशयच गळाला असे म्हटले पाहिजे.

दुसरा प्रश्न काय पाहावे हा. हरितगृहे आणि यंत्रे जरूर पाहावीत. पण हॉलंडमधील आल्समीरचा प्रचंड फुलबाजार उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, हे अधिक बारकाईने पाहावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर निर्यातबंदी लादली. ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात लासलगावच्या शेतकऱ्याला ठिबक सिंचन किंवा सुधारित बियाणे काय तारणार होते? भाव कोणाच्या हाती, हाच शेतीचा मूळ प्रश्न आहे.

आणि संस्कृती? ती केवळ नृत्यगायनात नसते. हॉलंडच्या हरितगृहांत पोलंडहून आलेले मजूर राबतात, नाशिकच्या द्राक्षबागांत सुरगाणा-पेठचे आदिवासी. त्यांची मजुरी आणि निवारा पाहिल्याविना कोणत्याही देशाची संस्कृती कळत नाही.

मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्यांच्या मुलामुलींना ज्या दिवशी या दौऱ्यांत जागा मिळेल, त्या दिवशी फुल्यांची मागणी मान्य झाली असे समजावे.