दातवणाचा धडा अर्धवट शिकवू नका



औषधी वनस्पतींचा पाठ आला की आपल्या शहापूर-मुरबाडच्या वर्गात पोरंच आपल्याला नावं सांगतात. करंज, कडुनिंब, बाभूळ, खैर, हिरडा. ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या पोरांना तर पुस्तकात नसलेली झाडंही ठाऊक असतात. आणि आपण? 'कडुनिंब जंतुनाशक आहे' एवढं फळ्यावर लिहून पुढे सरकतो. माझं स्पष्ट मत आहे की हे एक वाक्य पुरेसं नाही. 'कसं' आणि 'किती' हे सांगितलं नाही, तर मूल एवढंच शिकतं की झाडाचं ते सगळं चांगलं.

दातवणाचंच उदाहरण घ्या. सकाळी दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, ती जिवाणूंची वसाहत असते. तिला बायोफिल्म म्हणतात. त्यातला दात किडवणारा मुख्य जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. क्लार्क या संशोधकाने १९२४ मध्ये त्याचं वर्णन केलं. आपण साखर खाल्ली की हा जिवाणू एका विकराच्या मदतीने तिच्यापासून चिकट पदार्थ बनवतो. हा झाला त्याचा डिंक. त्या डिंकाने तो दाताला घट्ट चिकटतो, आणि उरलेल्या साखरेपासून आम्ल तयार करून दाताचं कवच झिजवतो.

आता काडीकडे वळू. बाभळीची साल, खैराचा काथ, हिरडा, सगळं तुरट. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं कोरडं होतं. विकर हेही प्रथिनच. त्यामुळे टॅनिन त्यालाही पकडतं आणि डिंक बनवण्याचं काम मंदावतं. प्रयोगशाळेत टॅनिनवर आणि चहातल्या तशाच घटकांवर हे दिसून आलं आहे. म्हणजे इथे जिवाणू मेलाच पाहिजे असं नाही. त्याला चिकटू दिलं नाही, तरी बरंच काम होतं.

हे वर्गात दाखवता येतं. अंड्यातला पांढरा भाग पाण्यात ढवळून फडक्याने गाळा. त्यात हिरड्याचा गाळून पूर्ण गार केलेला काढा घाला. पाणी गढूळ होईल. टॅनिनने प्रथिन पकडलं, ते पोरांना डोळ्यांनी दिसेल.

पण धडा इथे थांबवू नका. काचेच्या बशीत जिवाणूला तासन्‌तास अर्कात ठेवता येतं. तोंडात काडी पाच-दहा मिनिटं फिरते आणि लाळ सगळं धुऊन नेते. काडीचा कुंचला थर खरवडून काढतो, हा फायदा खराच. पण दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड टूथपेस्टमधून जेवढं मिळतं, तेवढं काडीतून मिळत नाही. म्हणून आजीच्या दातवणाला हसायचं कारण नाही, आणि 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणून ब्रश फेकून द्यायचंही कारण नाही.

आणि मशेरी? तीही झाडाचीच. तंबाखूचं पान भाजून केलेली. 'दात साफ होतात' म्हणून घरात मशेरी लावतात आणि पोरं ते रोज बघतात. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आपण शाळेत सांगतो. पण 'वनस्पती म्हणजे औषध' असंही आपणच शिकवलेलं असतं, मग पोरांनी कशावर विश्वास ठेवायचा? म्हणून प्रत्येक वनस्पतीबाबत तीन प्रश्न विचारायची सवय लावा: यात काय आहे? ते नेमकं काय करतं? किती घेतलं तर?

पालकांना एक विनंती. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती कायमची असते, गेली की परत येत नाही. पुष्कळ घरांत 'पडेल आणि नवी येईल' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. आज रात्री पोराला उजेडात बसवून ती दाढ बघा. खड्डा किंवा काळा डाग दिसला तर दातांच्या डॉक्टरकडे न्या. रोज पाच रुपयांचं गोड पाकीट बंद करा, फ्लोराइडच्या टूथपेस्टने दोनदा दात घासा. सोबत आजीची काडीही चालू द्या.