'देशी' म्हणजे कोणता कापूस, ते आधी सांगा



'देशी कापूस लावा' च्या पोस्ट पुन्हा फिरायला लागल्या. एकीखाली मी प्रजाती विचारली. उत्तर आलं, "भाऊ, शेतकऱ्याले त्या लॅटिनचं काय करा लागते?" करा लागते, म्हणून लिहितो.

आपल्या तिवसा भागात बीटी नसलेलं कोणतंही सरळ वाण 'देशी' म्हणून खपवतात. सूरज घ्या. बीटी नाही, बियाणं घरचं धरता येते, सगळं खरं. पण तो अमेरिकनच, गॉसिपियम हिर्सुटम. खरा देशी म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम. अकोल्याच्या विद्यापीठाचे एकेए-7, एकेए-8401 हे त्यातले. आर्बोरियमची गुणसूत्रं 26, हिर्सुटमची 52. दोघांचा संकरही सहजासहजी होत नाही, इतके ते लांबचे. देशी रसशोषक किडी आणि पाण्याचा ताण बराच सहन करतो, पण दहिया त्याच्यावरच जास्त येतो. अमेरिकनवर तुडतुडे आले की पानं कडेनं लाल. आता 'देशी आहे, फवारणी कमी' या भरवशावर कोणी हिर्सुटम लावला, तर त्याले बुडवलं कोणी? किडीनं नाही, त्या एका शब्दानं. आणि विकणारा मोकळा सुटतो, कारण 'देशी'चा अर्थ ज्याचा त्याचा.

याच गोंधळावर स्वीडनच्या कार्ल लिनिअसनं 1753 साली इलाज केला. त्याच्या आधी एका झाडाचं नाव म्हणजे लॅटिनची अख्खी ओळ, प्रत्येक पंडिताची वेगळी. त्यानं सगळं दोन शब्दांवर आणलं. आर्बोरियम हे नाव त्याच पुस्तकातलं, हिर्सुटम 1763 चं. आर्बोरियमचा अर्थ 'झाडासारखा', आता आपल्या शेतात कुठं आहे तो झाडाएवढा! तरी बिघडत नाही. नावानं वर्णन नाही केलं तरी चालते, बोट बरोबर झाडावर ठेवलं पाहिजे.

लॅटिन आपल्या तोंडात बसत नाही म्हणता? गेल्या शतकाच्या सुरुवातीला कृषी खात्यानं वऱ्हाडात पांढऱ्या फुलाचा, रुईचा उतारा जास्त असलेला कापूस पसरवला. त्याले म्हणत 'रोझियम'. ते लॅटिनच होतं.

कृषीवाल्या साहेबांनाही सांगणं आहे. शोधनिबंधात तिरप्या अक्षरात आर्बोरियम लिहिता अन् शेतीशाळेत नुसतं 'देशी' बोलता. दोन्हीकडे एकच बोला. पाकिटावर आणि बिलावर प्रजाती मराठीत, मोठ्या अक्षरात पाहिजे.

तोवर शेतातच पाहून घ्या. आर्बोरियमचं पान बोटांसारखं खोल कापलेलं, बोंड लहान अन् खाली झुकलेलं, फूल बहुतेक पिवळं, आत बुडाशी गडद ठिपका. हिर्सुटमचं पान रुंद, फूल दुधी, पात्याभोवतीच्या तीन हिरव्या पानांना लांब दाते. ज्यांच्याकडे 'देशी' उभा आहे त्यांनी पान, फूल, बोंड असे तिन्ही फोटो टाका, वाणाच्या नावासकट.